रात्री दीडला निघून सकाळी सातला न्यूयॉर्क? विमानाच्या अंतराचा आणि वेळेचा हिशोब

आत्याचं तिकीट आलं तेव्हा तिने ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला फोन केला.

"अगं, मुंबईहून निघायचं रात्री दीडला आणि न्यूयॉर्कला पोचायचं त्याच दिवशी सकाळी सातला. साडेपाच तासांत अमेरिका? आणि जूनमध्ये परत येताना सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुंबई. म्हणजे पुरते चोवीस तास. रस्ता तर एकच ना?"

आत्या साताऱ्याची. लेकीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत न्यू जर्सीतल्या एडिसनला निघाली होती आणि विमानात बसण्याची तिची ही पहिलीच वेळ. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून असले प्रश्न घरातून माझ्याकडेच येतात. पण हा प्रश्न मला फार आवडला. त्यात रेखांश आहेत, पृथ्वीचा गोलपणा आहे, वारा आहे आणि देशादेशांमधली भांडणंही आहेत. रविवारी शाळेतला पृथ्वीगोल पिशवीत घालून मी तिच्याकडे गेले. तिच्याच शिवणाच्या डब्यातलं लाल दोऱ्याचं रीळ घेतलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो.

आधी घड्याळाचा गुंता. तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळातली, पोचण्याची न्यूयॉर्कच्या. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. म्हणून वरवर दिसणाऱ्या साडेपाच तासांत हे साडेदहा मिळवायचे. झाले सोळा. येताना याच्या उलट, वजाबाकी करायची. मात्र जूनमध्ये साडेदहा नाही, साडेनऊ वजा करायचे, कारण मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. चोवीसातून साडेनऊ गेले, उरले साडेचौदा. म्हणजे खरी वेळ जाताना सोळा तास, येताना साडेचौदा.

इथेच एक गोष्ट कळकळीने सांगते. रात्री दीडचं विमान '१२ जानेवारी' असं लिहिलेलं असेल, तर घरातून निघायचं ११ तारखेला आणि विमानतळावर पोचायचं ११ तारखेच्या रात्री दहा-साडेदहापर्यंत. आपल्या बोलण्यात झोपेपर्यंत 'आजची रात्र' असते, पण तिकिटावर बाराच्या ठोक्याला तारीख बदलते. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब चार मोठ्या बॅगा घेऊन बरोबर एक दिवस उशिरा विमानतळावर पोचलं होतं. घरात कुणी मध्यरात्रीनंतरच्या विमानाने जाणार असेल, तर कॅलेंडरवर घर सोडण्याच्या तारखेला खूण करा.

आता अंतर. आत्याच्या डोक्यात भिंतीवरचा जगाचा नकाशा होता. त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने रेघ ओढली तर ती अरबी समुद्र, अरबस्तान, इजिप्त, सहारा, मोरोक्को अशी जाऊन अटलांटिक ओलांडते. मी तिला पृथ्वीगोलावर मुंबईशी दोऱ्याचं टोक धरायला सांगितलं. दुसरं टोक मी न्यूयॉर्कवर धरलं आणि दोरा ताणला. ताणताच तो सहारावरून घसरला आणि वर सरकला. कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, हेलसिंकीच्या अंगाने, नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमजवळून, आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडात आणि तिथून खाली न्यूयॉर्कला. आत्या बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिली. "मॉस्को वाटेत येतं?" हे तिने तीनदा विचारलं.

येतं. चेंडूच्या पाठीवर दोन ठिपके काढले तर त्यांना जोडणारा सर्वांत आखूड मार्ग कोणता? चेंडूच्या मध्यातून जाणारा असा काप घ्यायचा की सुरी दोन्ही ठिपक्यांवरून जाईल. त्या कापाची कड हाच आखूड मार्ग. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्वृत्त म्हणतात. ताणलेला दोरा आपोआप त्याच कडेवर बसतो. मुंबई पूर्व रेखांश ७३ वर, न्यूयॉर्क पश्चिम रेखांश ७४ वर, म्हणजे पृथ्वीच्या जवळपास दोन विरुद्ध अंगांना. अशा वेळी उत्तर ध्रुवाच्या बाजूने वळून जाणंच जवळचं पडतं. आपला हा दोरा ६४-६५ उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या अगदी उंबऱ्याशी.

आकड्यांत फरक किती? दोऱ्याचा मार्ग सुमारे १२,५३० किलोमीटर. ज्या मर्केटर नकाशाची आपल्याला सवय आहे त्यावरची सरळ रेघ खऱ्या पृथ्वीवर चालून पाहिली तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. साडेसोळाशे किलोमीटरहून जास्त तफावत! यात मर्केटरचा दोष नाही. १५६९ साली त्याने तो नकाशा दर्यावर्दींसाठी केला, होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकता यावं म्हणून. त्या कामाला तो उत्तम आहे. अंतर मोजायच्या कामाला मात्र तो घेऊ नये. विमानातल्या पडद्यावर आपलं विमान कमान करून उत्तरेला चाललेलं दिसतं आणि 'एवढा वळसा का घेतात?' असं वाटतं, तेव्हा सरळ जातंय ते विमान, वाकडा आहे तो नकाशा.

वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसून लोक गोंधळतात, त्यामागे बहुतेकदा एककांचा फरक असतो. १२,५३० किलोमीटर म्हणजेच सुमारे ७,७९० मैल आणि म्हणजेच सुमारे ६,७७० सागरी मैल. वैमानिक सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. न्यूयॉर्कला जायला जेएफके आणि नेवार्क असे दोन विमानतळ आहेत, हेही ध्यानात असू द्या. दोघांमध्ये हवेतून जेमतेम ३३ किलोमीटर. मुंबईहून येणाऱ्या विमानाला हा फरक एक-दोन मिनिटांचा. पण एडिसनहून घ्यायला येणाऱ्या लेकीला नेवार्क हाकेच्या अंतरावर, आणि जेएफके म्हणजे अख्खं न्यूयॉर्क शहर ओलांडून पलीकडे. आत्याचं तिकीट जेएफकेचं निघालं. पुढच्या वेळी नेवार्कचं काढायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

मग आला खरा प्रश्न. अंतर तेच, विमान त्याच जातीचं, तरी जाताना दीड तास जास्त का?

"पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, म्हणून," असं आत्याच्या शेजारच्या काकांनी सांगितलं होतं. आपण पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपल्याकडेच यायला हवं, असाही कुणी या युक्तिवादाचा शेवट करेल. पण तसं होत नाही. पृथ्वीबरोबर तिच्या अंगावरची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. चालत्या एसटीत तुम्ही पुढून मागे गेलात काय आणि मागून पुढे आलात काय, पावलं तेवढीच पडतात.

खरं कारण वारा. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर, समशीतोष्ण पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद आणि जोरकस प्रवाह वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग त्यांना नवा नाही, आणि हिवाळ्यात तो आणखी वाढतो. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड. या फरकामुळे हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. म्हणजे शेजारच्या काकांचं अगदीच चुकलं नव्हतं. पृथ्वीचं फिरणं कारणात आहेच, पण ते वाऱ्याच्या मार्फत आपलं काम करतं.

आत्याचं माहेर रत्नागिरीकडचं, म्हणून मी खाडीचा दाखला दिला. होडी वल्हवणाऱ्याचे हात तेच, जोर तोच. पण भरतीचं पाणी आत शिरत असताना खाडीच्या तोंडाकडे जायचं तर घाम निघतो, आणि त्याच पाण्यावर आत यायचं तर होडी नुसती वाहत येते. विमानाचं तसंच आहे. हवेच्या मानाने त्याचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास, जाताना तेवढाच आणि येताना तेवढाच. जमिनीच्या मानाने मात्र वाऱ्याचा वेग त्यातून वजा होतो किंवा त्यात मिळवला जातो.

तिच्याच वहीत हिशोब मांडला. प्रत्यक्ष वाट दोऱ्यापेक्षा थोडी लांब पडते, म्हणून १३,००० किलोमीटर धरू. पूर्ण वाटेवरचा सरासरी वारा ताशी ५० धरू. जाताना ९०० मधून ५० गेले, ८५०. तेरा हजाराला ८५० ने भागलं, सव्वापंधरा तास. येताना ९५०, म्हणजे पावणेचौदाच्या जवळ. दोन्हींत धावपट्टीपर्यंत सरपटत जाण्याचा आणि उतरल्यावर दारापर्यंत येण्याचा अर्धा-पाऊण तास मिळवला, की तिकिटावरचे सोळा आणि साडेचौदा समोर येतात. आत्याने पेन्सिलने दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली.

वाऱ्याचा जोर किती असू शकतो? फेब्रुवारी २०२० मध्ये 'कियारा' वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३२७ किलोमीटरपर्यंत गेला होता. एरवी या प्रवासाला सहा तासांहून अधिक लागतात. हा वेग ध्वनीच्या वेगाहून जास्त दिसतो, पण विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. त्याच्या भोवतालची हवाच त्याला घेऊन धावत होती.

म्हणून सर्वांत जवळची वाट ही सर्वांत लवकरची असतेच असं नाही. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू केलं. सुरुवातीला ते पश्चिमेला, युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तेच विमान उलट दिशेने, पूर्वेला, जपानजवळून प्रशांत महासागरावरून नेलं. वाट हजाराहून जास्त किलोमीटरने वाढून सुमारे १५,३०० झाली, आणि वेळ दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आली. आधी वारा छातीवर घ्यावा लागायचा, आता तो पाठीशी आला. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को पृथ्वीवर इतके समोरासमोर आहेत की पूर्वेने जा की पश्चिमेने, फार बिघडत नाही. त्याचा हा फायदा. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणलं, तेही थेट उत्तर ध्रुवाच्या वरून. शाळेत मी ही गोष्ट सांगते तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा पुढे वाकून ऐकतात.

दोऱ्याला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे सरहद्द. आत्याचा दोरा पहिल्याच तासात सिंधमध्ये शिरत होता. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्याआधी २०१९ मध्येही, बालाकोटनंतर, फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती बंद होती. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि बहुतेक कंपन्यांनी अफगाणिस्तानवरून जाणं टाळलं. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून रशियाने युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. भारतीय कंपन्यांना केलं नाही. त्यामुळे अमेरिकेहून भारतात येणाऱ्या दोन विमानांपैकी एकाला रशियावरून येता येतं, दुसऱ्याला येत नाही. त्यांच्यातला वेळेचा फरक कुणा वैमानिकाच्या कौशल्याचा नसतो.

हा वळसा कुणाला किती महाग पडतो हे पाहायला मी दोऱ्याला मस्कतपाशी टाचणी लावली. एरवी दिल्ली मुंबईपेक्षा न्यूयॉर्कला जवळ आहे: दिल्लीहून सुमारे ११,७५० किलोमीटर, मुंबईहून १२,५३०. पण पाकिस्तान टाळून, गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत खाली येऊन, मस्कतवरून जायचं म्हटलं की दिल्लीची वाट साडेतेरा हजारांच्या घरात जाते आणि मुंबईची फक्त १२,९०० होते. दिल्लीला सतराशे किलोमीटरचा भुर्दंड, मुंबईला साडेतीनशे-चारशेचा. समुद्राच्या काठी असण्याचा असाही उपयोग. २०२५ मध्ये दिल्लीच्या काही अमेरिकावाऱ्यांना युरोपात इंधनासाठी थांबावं लागलं, ते यामुळेच.

इंधन तरी थोडं जास्त भरून न्यावं, असं आत्याला वाटलं. बोइंग ७७७-३००ईआरच्या टाक्यांत सुमारे १४५ टन इंधन मावतं. विमान जास्तीत जास्त ३५१ टन वजनाने उडू शकतं, त्यातला एवढा वाटा नुसत्या इंधनाचा. जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं, आणि वजन मर्यादेत ठेवायला कधी सामान, कधी माणसं कमी करावी लागतात. १९६० मध्ये एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क सेवा सुरू केली तेव्हा बोइंग ७०७ लंडनला थांबत असे. न थांबता जाणारं विमान २००७ मध्ये आलं.

वाट ठरवताना आणखी दोन गोष्टी बघतात. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरावीक वेळात पोचता येईल असा विमानतळ वाटेवर कायम असावा लागतो. जून २०२३ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि २१६ प्रवाशांना घेऊन ते रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदानला उतरलं. बऱ्याच जणांनी हे गाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पण वाट आखणाऱ्यांच्या कागदावर अशी गावं आधीपासून असतात. दुसरी गोष्ट डोंगरांची. आतल्या हवेचा दाब गेला तर विमानाला तीनेक किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू पाव तासाच्या आसपासच पुरतो. तिबेटच्या पठाराची जमीनच साडेचार किलोमीटर उंच. म्हणून दोरा तिबेटवरून गेला तरी विमानं शक्यतो तिकडून जात नाहीत.

तिकिटावरची वेळ म्हणजे विमान हवेत असण्याची वेळ नव्हे, हेही सांगितलं. दारापाशी चाकांपुढचे अडसर काढल्यापासून पलीकडच्या दारापाशी ते परत लागेपर्यंतचा तो काळ असतो, आणि कंपन्या त्यात थोडी ढील ठेवतात. कुठल्याही दोन दूरच्या विमानतळांसाठी घरच्या घरी अंदाज काढायचा तर किलोमीटरना ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. पूर्वेला जात असाल तर लांबच्या प्रवासात तासाभराने कमी धरा. वाटेतली एखादी हद्द बंद असेल, तर हा अंदाज सोडून द्या आणि पृथ्वीगोलावर टाचणी लावा.

निघण्याआधी आत्याला एकच सांगितलं: रात्र फार लांब वाटेल, घाबरू नको. रात्री दीडला निघून पश्चिमेला जाणारं विमान जानेवारीत पहाटेच्या पुढे पुढे पळत राहतं. सोळा तास खिडकीबाहेर अंधारच असतो. तिने तिथे पोचून फोन केला तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं, "अगं, उजाडलंच नाही."

जूनमध्ये ती परत आली, नातवाचे फोटो आणि ती हिशोबाची वही घेऊन. येताना तिने दर तासाला समोरच्या पडद्यावरचा वेग वहीत उतरवला होता, झोप लागली ते दोन तास सोडून. मी ते आकडे आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिले आणि मुलांनी आलेख काढला. न्यूफाउंडलंडपासून आयर्लंडपर्यंत रेषा ताशी हजाराच्या वर आहे. युरोप मागे पडल्यावर ती हळूहळू उतरते आणि ओमानच्या पुढे, अरबी समुद्रावर, ९०० च्या जवळ येऊन टेकते. मध्ये दोन ठिपक्यांची जागा रिकामी आहे. तिथे मुलांनी 'आजी झोपल्या' असं लिहिलं आहे.